जुन्या चर्चच्या काळ्या भिंतीला कोणता चुना? बाजारातल्या चार मालांची पारख

दगडी चर्चच्या दुरुस्तीची दरपत्रकं पंच मंडळींपुढे येतात तेव्हा त्यात परांचीचा खर्च असतो, मजुरी असते, रंगाचे चौरस फूट असतात. चुना मात्र ‘दरजा भरणे’, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांधी भरणे, या एका ओळीत उरकलेला असतो. कोणता चुना, किती, कशात मिसळून, हे कुणी लिहीत नाही. आणि बहुतेक वेळा त्या ओळीचा अर्थ सिमेंट असाच निघतो. कोल्हापुरात सध्या चार प्रकारचा माल मिळतो किंवा मागवता येतो: कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पिशवीतली चुन्याची भुकटी, ‘रेडीमेड लाइम प्लास्टर’ नावाने येणारं मिश्रण आणि युरोपातून येणारा नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याशीही घट्ट होणारा) चुना, म्हणजे एनएचएल. या चारही मालांची ही पारख आहे. ब्रँडची नावं इथे दिलेली नाहीत, कारण एकाच नावाच्या दोन पिशव्यांतला माल सारखा असेलच असं नाही. पिशवी फोडून पाहायच्या चाचण्या मात्र दिल्या आहेत.

माल बघण्याआधी भिंत बघायला हवी. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. वायल्डर मेमोरियल चर्चमुळे त्यांचं नाव शहराच्या तोंडी राहिलं. त्यानंतर वीसेक वर्षांनी मेजर चार्ल्स मँट यांचा टाऊन हॉल उभा राहिला, १८७२ ते १८७६ या काळात. टोकदार कमानी आणि उभी उतरती छपरं बघून नवखा माणूस आजही त्याला चर्च समजतो. मँट यांचाच नवा राजवाडा १८७७ मध्ये सुरू झाला आणि ते १८८१ मध्ये वारल्यावर १८८४ मध्ये पुरा झाला. हा सगळा चुन्याचा काळ. भारतात सिमेंटचं नियमित उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे त्याआधीच्या भिंतीत मूळ दरज चुन्याची असणार असं धरूनच चालावं. तिथे सिमेंट दिसलं तर ते नंतरच्या कुणाच्या तरी दुरुस्तीचं.

आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाणी जवळजवळ पीत नाही. चिऱ्यांच्या दोन थरांमध्ये दगडगोटे आणि चुन्याचा भराव असलेल्या जाड भिंतीत ओल शिरते ती दरजांतून, आणि बाहेर पडायलाही तिला दरजांशिवाय वाट नसते. जांभ्याची भिंत स्वतः श्वास घेते, तिथे एखादी चूक खपून जाते. बेसाल्टमध्ये खपत नाही. दरज सिमेंटने बंद केली की उन्हात तापून-निवून दगड आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते. त्या फटीतून पाणी आत जातं, पण सुकून बाहेर यायला पुरेशी जागा उरत नाही. मग ते आतल्या बाजूने निघतं: गिलाव्याला लोणा, म्हणजे पांढरे क्षार, लागतो, रंगाचे पोपडे येतात, लाकडी वाशांची टोकं भिंतीत कुजतात. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, म्हणून दोष बिचाऱ्या रंगाला जातो. अनेक वर्षं असंच चाललं तर आतल्या भरावातला चुना धुपून खाली बसतो आणि बाहेरचा थर फुगतो. ओळंबा लावून पाहा. भिंतीचं पोट पुढे आलेलं दिसलं तर दरजांचा विषय बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

चर्चच्या रचनेमुळे आणखी एक पेच पडतो. परंपरेप्रमाणे वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला. पण आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो. म्हणजे सगळ्यात उंच त्रिकोणी भिंत, तिच्यातली मोठी खिडकी आणि माथ्यावरचा क्रूस, सगळं पावसाच्या तोंडावर. बाहेर ठरलेला नकाशा इथे आला आणि त्याबरोबर ही अडचणही आली. ज्या चर्चची मांडणी अशी आहे, तिथे पश्चिमेची भिंत आणि बाकीच्या तीन भिंती यांना एकच माल लावायचा आग्रह धरू नये. त्रिकोणी भिंतीच्या माथ्यावरचे झाकणदगड, बाहेर आलेल्या आधारभिंतींचे उतरते माथे, खिडक्यांचे उंबरे आणि मनोऱ्याचा कठडा या चार जागी पाणी सर्वात जास्त वेळ टिकतं. दरज तिथेच आधी जाते.

आता माल.

कळीचा चुना हा चौघांतला सर्वात स्वस्त आणि नीट केला तर सर्वात चांगला. जिल्ह्यात चुन्याचं वावडं कुणाला नाही: साखर कारखान्यात रस निवळायला तो लागतो, गुऱ्हाळावर लागतो, पानाला तर लागतोच. पण कारखान्याला चालणारा चुना बांधकामाला चालेलच असं नाही, म्हणून खडे फोडून बघा. चांगली कळी हलकी आणि आतून एकसारखी पांढरी असते. जड खड्यात न भाजलेला गाभा असतो आणि तो विरत नाही. हवेत राहून भुगा झालेला माल परत पाठवा.

विरवायची पद्धत अशी. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. कळीवर पाणी ओतायचं नाही, कारण ते उकळून अंगावर उडतं. प्लास्टिकचं पिंप वापरू नका. विरताना पाणी उकळीला येतं आणि पिंप वितळून बसतं. डोळ्यांना गॉगल आणि हातात रबरी मोजे हवेतच. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवत राहायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. एक किलो कळीला साधारण अडीच ते तीन लिटर पाणी लागतं आणि सव्वादोन लिटरच्या आसपास लोणी-चुना मिळतो. तो ३ मिलिमीटरच्या जाळीतून गाळा, निवल्यावर झाकणाच्या पिंपात भरा आणि वर चार बोटं पाणी राखा. निदान तीन महिने तो तसाच मुरू द्या. इथे घाई केली तर न विरलेले बारीक कण भिंतीत गेल्यावर विरतात, फुगतात आणि गिलाव्यावर बारीक खड्डे उडवतात. पावसाळ्यात विरवून ठेवला तर दिवाळीनंतर नेमका हाताशी येतो.

या मालाचा दोष उघड आहे: तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, पाण्याखाली होत नाही. आपल्या भारतीय मानकात, आयएस ७१२ मध्ये, असा शुद्ध चुना ‘क’ वर्गात येतो. दरज वरून घट्ट झाली तरी आत तो महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर पक्का होतो. पश्चिमेच्या भिंतीला एवढा वेळ मिळत नाही. त्यावर जुना उपाय सुरखी. वीटभट्टीवरची कमी भाजलेली वीट दळून घ्यायची. काळी पडलेली, काचेसारखी झालेली वीट निरुपयोगी. चिमटीत खर लागता कामा नये. बाहेरच्या दरजांसाठी लोणी-चुना एक भाग, सुरखी अर्धा भाग, वाळू अडीच भाग. आतल्या गिलाव्याच्या पहिल्या थराला चुना एक, वाळू तीन, आणि भेगा आवरायला बोटभर लांबीचा तुटक ताग.

गुळाबद्दल दोन शब्द, कारण कोल्हापुरात तो विषय निघणारच. गूळ आणि हिरड्याचं पाणी चुन्यात घालायची रीत जुनी आहे आणि ती भाकड नाही. माल लवकर वाळत नाही, करणीखाली मऊ चालतो. पण चुन्याच्या वजनाच्या शेकडा एक-दोन भागांपुढे गेलात तर माल घट्टच होत नाही, वर मुंग्यांची रांग लागते ती वेगळी. गूळ काळाच घ्यावा. पांढरा दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर मारलेला गूळ भिंतीत गेला की तिच्यात नको ते क्षार जातात.

दुसरा माल पिशवीतली चुन्याची भुकटी, हायड्रेटेड लाइम. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते आणि सफेदीसाठी ठीक आहे. दरजांसाठी घेऊ नये असंच आमचं मत. तिचं दुखणं साठवणुकीत आहे: पिशवीत हवा शिरली की भुकटी तिथेच कार्बन डायऑक्साइड घेऊन मेलेली असते, आणि दिसायला ताज्या मालासारखीच राहते. परीक्षा सोपी आहे. चमचाभर भुकटीवर व्हिनेगर टाका. जोरात फेस आला तर चुना संपला, उरली ती चुनखडीची पूड. ताजी भुकटी फारशी फसफसत नाही. नाइलाजाने हीच वापरायची झाली तर पाण्यात कालवून लोणी करा, दोन-चार आठवडे मुरवा आणि सुरखीशिवाय बाहेर लावू नका.

तिसरा, ‘रेडीमेड लाइम प्लास्टर’. पिशवी फोडा, पाणी घाला, लावा. बंगल्याच्या दिवाणखान्यात गुळगुळीत भिंतीसाठी हा माल देखणा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या नावाखाली काय काय विकलं जातं याला धरबंध नाही. काहींत पांढरं सिमेंट असतं, काहींत पॉलिमर, म्हणजे थोडक्यात प्लास्टिकची चिकटी. पॉलिमरने ओलीची वाट अडते आणि मग चुना लावून काय मिळवलं? घेण्याआधी घटकांची यादी आणि चाचणीचा कागद मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालं. घरी बघायचं असेल तर घट्ट कालवून लिंबाएवढे गोळे करा, सहा तास ठेवा आणि पाण्यात सोडा. शुद्ध चुन्याचा गोळा थोड्याच मिनिटांत फुगून विस्कटायला लागतो. मध्यम हायड्रॉलिक चुन्याला भेगा पडतात, पण तो फुगत नाही. काहीच न होता गोळा टणक राहिला तर तो अव्वल हायड्रॉलिक चुना किंवा मग सिमेंट. आणि ‘शुद्ध चुना’ म्हणून विकलेल्या पिशवीत हे दोन्ही असायचं कारण नाही. चर्चच्या भिंतीसाठी या मालाला आमच्याकडून नकार.

चौथा एनएचएल. मातीचा अंश असलेल्या चुनखडीपासून भाजलेला, बाहेरून काही न मिसळलेला, आणि पाण्याशीही घट्ट होणारा. युरोपीय मानकात त्याचे तीन दर्जे आहेत: २, ३.५ आणि ५. हे आकडे २८ दिवसांनंतरच्या किमान ताकदीचे, मेगापास्कलमध्ये. गवंडी असो की ठेकेदार, दोघांचाही ओढा ५ कडे असतो, कारण आकडा मोठा. घ्यायचा मात्र ३.५. दरज दगडापेक्षा आणि आतल्या भरावापेक्षा मऊच असली पाहिजे. हालचाल झाली तर तडा दरजेत पडावा, दगडात नाही. ५ चा उपयोग फार तर माथ्यावरच्या झाकणदगडांखाली. प्रमाण एक भाग चुना, अडीच भाग वाळू.

एनएचएलवर पहिला आक्षेप दराचा असतो, आणि पिशवीची तुलना पिशवीशी केली तर तो खराच आहे. म्हणून हिशोब भिंतीवर मांडून बघा. समजा चिरे ४० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर उंच आहेत. एका चौरस मीटरमध्ये आडव्या दरजा ५ मीटर, उभ्या अडीच मीटर, मिळून साडेसात. दरज १० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर खोल भरायची तर मीटरला पाव लिटर माल, म्हणजे चौरस मीटरला १.९ लिटर, आणि सांडलवंड धरून सुमारे २.४. शंभर चौरस मीटरच्या पश्चिम भिंतीला २४० लिटर. त्यात चुना साधारण ९६ लिटर, वजनाने साठेक किलो. म्हणजे २५ किलोच्या तीन पिशव्या! परांची आणि गवंड्याच्या रोजापुढे हा खर्च किरकोळ आहे. आतला गिलावा हे वेगळं गणित: २० मिलिमीटर जाडीचा थर तेवढ्याच क्षेत्राला २,००० लिटर माल खातो. तिथे एनएचएल ओतणं म्हणजे पैशाची नासाडी. मुरवलेला कळीचा चुना आतल्या कोरड्या हवेत निवांत पक्का होतो. पश्चिमेच्या भिंतीला आणि माथ्यांना एनएचएल ३.५, बाकीच्या बाहेरच्या दरजांना चुना-सुरखी, आत लोणी-चुना, अशी वाटणी आम्ही सुचवू.

पिशवीवरची उत्पादनाची तारीख मात्र बघाच. हा माल वर्षभरही धड टिकत नाही. पावसाळ्यातून गेलेली, फळीवर न ठेवलेली पिशवी घेऊ नये. आत बोटाने न फुटणारे खडे लागले तर ती गेली.

वाळूकडे दुर्लक्ष करून चुन्याला शिव्या देणारेही पुष्कळ. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, दगडाची भुकटी फार असते, ती धुवून घ्या. काचेच्या बरणीत निम्मी वाळू, वर मिठाचं पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या शेकडा सहा-सातपेक्षा जास्त दिसला तर पुन्हा धुवा. सर्वात मोठा कण दरजेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा नको. एकसारख्या बारीक वाळूने माल आकसतो आणि भेगाळतो.

कामाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. मार्च-एप्रिलच्या उन्हात माल घट्ट होण्याआधीच वाळतो आणि भुसभुशीत राहतो. जुनी दरज छिन्नी-हातोडीने, रुंदीच्या दुप्पट आणि कमीत कमी २५ मिलिमीटर खोल उकरायची. ग्राइंडर चर्चच्या आवारात येऊच देऊ नका. उभ्या दरजेत पातं वर-खाली घुसतं आणि चिऱ्याच्या कडा कायमच्या कापल्या जातात. जुनं सिमेंट दगडाला घट्ट चिकटलं असेल आणि काढताना कड फुटत असेल तर तेवढा तुकडा राहू द्यावा. मग ब्रशने धूळ काढायची, आतला भराव पाण्याने ओलसर करायचा. बेसाल्ट पाणी शोषत नाही, त्यामुळे दगडावर पाणी मारून उपयोग नाही, उलट माल ओघळतो. माल घट्टच हवा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. पातळ माल आकसतो आणि काळ्या दगडावर पांढरे ओघळ सोडतो. ते ओघळ त्याच दिवशी ओल्या स्पंजने पुसायचे. नंतर ॲसिडने धुवायची कल्पना कुणीतरी काढतंच. ॲसिड डागाबरोबर नवी दरजही खातं.

दरज दगडाच्या पृष्ठभागापासून एक-दोन मिलिमीटर आत ठेवावी. अंगठ्याने दाबून खूण उमटेनाशी झाली की कडक केसांच्या ब्रशने ठोकून पृष्ठभाग थोडा खरखरीत करायचा, म्हणजे वरचा गुळगुळीत थर जाऊन दरज श्वास घेते. दगडाच्या बाहेर आलेली फुगीर दरज आणि तिच्यावर काळी रेघ हा आपल्याकडचा आवडता शृंगार आहे. प्रत्येक फुगवट्यावर पाणी अडतं आणि दरजेच्या वरच्या कडेतून आत जातं, म्हणून ती नको म्हणजे नको.

नंतर ओलं गोणपाट लावून एनएचएल निदान पाच दिवस आणि चुना-सुरखी दोन आठवडे दमट ठेवायची, फवाऱ्याने, पाइपाने नव्हे. गोणपाट दुपारी वाळलं आणि कुणी बघितलं नाही, तर वर लिहिलेलं सगळं वाया. याच टप्प्यावर परांचीवरून हमखास प्रश्न येतो, “जरा सिमेंट टाकू काय साहेब, बसंल चांगलं.” कंत्राटात ‘चुन्याच्या मालात सिमेंट आढळल्यास दरज स्वखर्चाने काढून पुन्हा भरणे’ असं कलम आधीच लिहून घेतलं असेल तर हा प्रश्न दुसऱ्यांदा येत नाही. इमारत वारसा यादीत असेल तर महापालिकेची परवानगी कंत्राटाच्याही आधी घ्यावी लागेल.

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी ज्या भागात शिरलं, तिथल्या भिंतींचा विचार वेगळा करावा. जाड भिंत सुकायचा ढोबळ हिशोब महिन्याला एक इंच. ६० सेंटिमीटरची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी वर्ष घेते. पूर ओसरल्यावर त्याच दिवाळीला नवा गिलावा आणि ऑइल पेंट लावला की ओल आत कोंडते, आणि पुढच्या उन्हाळ्यात लोणा सगळं पाडतो. गिलावा पुराच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून भिंत उघडी ठेवावी. बाहेर आलेले पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकावेत. ते पाण्याने धुतले तर पुन्हा आत जातात.

काम झाल्यावर बिल देण्याआधीची तपासणी: महिनाभराने एका कोपऱ्यातली दरज थोडी खरवडून फिनॉल्फ्थलीनचा थेंब टाका, शाळेच्या प्रयोगशाळेत ते मिळतं. गुलाबी झालं तर तिथला चुना अजून कच्चा, रंग बदलला नाही तर पक्का. महिन्याभराच्या चुन्यात वरचे एक-दोन मिलिमीटर बिनरंगाचे आणि आत गुलाबी, हे बरोबर आहे. वरपासूनच गुलाबी असेल तर पाणी मारणं कुठेतरी चुकलंय. वरपासून खोलवर रंगच येत नसेल, आणि दरज नखाने उकरली जात असेल, तर मेलेली भुकटी वापरली गेली असण्याचा संशय धरावा. अशा वेळी शेवटचा हप्ता रोखून उरलेल्या पिशवीची व्हिनेगर चाचणी ठेकेदारासमोरच करावी.